न्यायाधीश चुकला, की नकोसा झाला?

महाभियोग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष येतात. पण तिथल्या सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, महाभियोगात दोषी ठरवून आजवर पदावरून काढलेली माणसं एकूण आठ आहेत, आणि ती आठही न्यायाधीश होती. प्रतिनिधी सभेने, म्हणजे खालच्या सभागृहाने, आरोप ठेवले असे संघीय न्यायाधीश पंधरा. इतक्या वर्षांत फक्त पंधरा! हा आकडा एवढा लहान का राहिला, ते मला आज सांगायचं आहे.

राज्यघटनेच्या शब्दांमुळे तो लहान राहिलेला नाही. शब्द फारच सैल आहेत. देशद्रोह, लाचखोरी किंवा ‘इतर मोठे गुन्हे आणि गैरकृत्यं’ यांसाठी पदावरून काढता येईल, एवढंच तिथे लिहिलंय. देशद्रोह कळतो, लाच कळते. ‘इतर’ म्हणजे काय? त्याची व्याख्या नाही. त्याच घटनेत दुसरीकडे म्हटलंय की न्यायाधीश वर्तन चांगलं असेपर्यंत पदावर राहतील आणि त्यांचा पगार कमी करता येणार नाही. हे लिहिणाऱ्यांचे हात पोळलेले होते. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाविरुद्ध एक तक्रारच आहे, की त्याने न्यायाधीशांची मुदत आणि पगार दोन्ही आपल्या मर्जीवर ठेवले. ज्याच्या घरची चूल राजाच्या मर्जीवर पेटते, तो राजाविरुद्ध निकाल कसा देणार?

आता सॅम्युएल चेस यांच्याकडे येऊ. त्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. पुढे ते सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले. आणि स्पष्ट सांगतो, न्यायासनावरचं त्यांचं वागणं चांगलं नव्हतं. जॉन फ्राइझवर देशद्रोहाचा खटला चालू होता, तेव्हा बचावाच्या वकिलांनी तोंड उघडण्याआधीच चेस यांनी कायद्याबद्दलचं आपलं मत लिहून त्यांच्या हाती ठेवलं. वकील खटला सोडून गेले. फ्राइझला फाशीची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी माफी दिली म्हणून तो वाचला. १८०३मध्ये बाल्टिमोरला ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) बोलताना चेस यांनी सत्ताधाऱ्यांच्या धोरणावर उघड टीका केली. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन चिडले. १२ मार्च १८०४ रोजी सिनेटने न्यू हॅम्पशायरच्या जॉन पिकरिंग या न्यायाधीशाला काढलं. तो दारूच्या आहारी गेलेला आणि मनोरुग्ण होता. त्याच दिवशी प्रतिनिधी सभेने चेस यांच्यावर महाभियोग चालवायचं ठरवलं. एक दार उघडलं आणि दुसरा माणूस लगेच दारात उभा केला गेला.

जेफर्सन यांच्या पक्षाचे सिनेटर विल्यम जाइल्स त्या वेळी काय म्हणाले, ते तेव्हा सिनेटर असलेले, राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलंय. न्यायाधीशांना उद्देशून ते म्हणाले, आम्हाला तुमच्या जागा हव्या आहेत, ज्या माणसांना त्या जास्त चांगल्या सांभाळता येतील त्यांना द्यायला. असा त्याचा भावार्थ. यात गुन्ह्याचा उल्लेखसुद्धा नाही, हे लक्षात घ्या.

सिनेटमध्ये चौतीस जण होते. दोषी ठरवायला दोन तृतीयांश, म्हणजे तेवीस मतं हवी होती, आणि जेफर्सन यांच्या पक्षाचेच पंचवीस सिनेटर होते. म्हणजे पक्षाने ठरवलं असतं तर विरोधकांच्या एकाही मताची गरज नव्हती. १ मार्च १८०५ रोजी आठ आरोपांवर मतदान झालं. सर्वाधिक मतं बाल्टिमोरच्या भाषणाच्या आरोपाला पडली, एकोणीस. प्रत्येक आरोपावर स्वपक्षातले किमान सहा जण ‘दोषी नाही’ म्हणून उभे राहिले. चेस त्यांना आवडत होते म्हणून नव्हे. मला या सहा जणांबद्दल फार आदर वाटतो. सज्जन, सर्वांना प्रिय अशा न्यायाधीशाचं स्वातंत्र्य जपायला कुणाला काही मोजावं लागत नाही.

त्यानंतर प्रथा पडत गेली: निकाल पटला नाही तर अपील करा, महाभियोग नको. मग महाभियोग कशासाठी? नेवाडाचे हॅरी क्लेबॉर्न घ्या. प्राप्तिकराची खोटी विवरणपत्रं भरल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. राजीनामा दिला नाही, त्यामुळे कैदेत असतानाही पगार चालू होता. १९८६मध्ये सिनेटने त्यांना काढलं, आणि ते योग्यच होतं. वॉल्टर निक्सन यांना १९८९मध्ये काढलं ते खोट्या साक्षीसाठी. हे आरोप माणसाच्या कृत्यावर आहेत, त्याच्या निकालपत्रावर नाहीत.

पण प्रथा ही प्रथाच. १९७०मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती डग्लस यांच्याविरुद्ध बोलताना तेव्हा प्रतिनिधी सभेत असलेले, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड म्हणाले होते, की प्रतिनिधी सभेचं बहुमत त्या-त्या वेळी ज्याला महाभियोगास पात्र मानेल तोच महाभियोगाचा गुन्हा. जाइल्स पुन्हा बोलू लागले होते. मार्च २०२५मध्ये वॉशिंग्टनमधले संघीय न्यायाधीश बोसबर्ग यांच्या आदेशानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांच्यावर महाभियोगाची मागणी केली. त्याच दिवशी सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की निकालाशी मतभेद असणं हे महाभियोगाचं कारण नव्हे, त्यासाठी अपील आहे. सांगावं लागलं, हीच मला चिंतेची गोष्ट वाटते.

आपल्या घटनेने ‘सिद्ध झालेलं’ गैरवर्तन असा शब्द घातला, म्हणून आपल्याकडे आधी चौकशी समिती बसते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या समितीने सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती रामस्वामी यांना दोषी धरलं होतं. तरी १९९३मध्ये लोकसभेत १९६ मतं बाजूने, विरोधात एकही नाही आणि दोनशेहून अधिक सदस्य तटस्थ, त्यामुळे लागणारं बहुमत झालं नाही आणि ठराव पडला. राजकारण निर्दोषाला गोवतं तसं दोषीला वाचवतंही.

मग न्यायाधीशाने अधिकाराचा अतिरेक केला तर सोसायचं का? मिसुरीचे जेम्स पेक यांनी आपल्या निकालावर वृत्तपत्रात टीका केली म्हणून ल्यूक लॉलेस या वकिलाला कोर्टाच्या अवमानाबद्दल एक दिवस कोठडीत टाकलं, त्याची वकिली अठरा महिने बंद केली. महाभियोग झाला. १८३१मध्ये सिनेटमध्ये २१ जण दोषी म्हणाले, २२ जण दोषी नाही. पेक पदावर राहिले. पण काँग्रेसने त्याच वर्षी कायदा करून संघीय न्यायाधीशांचा अवमानाचा अधिकारच आवळला. कोर्टाबाहेर निकालावर लिहिल्याबद्दल कुणाला असं कोठडीत टाकता येऊ नये, हाच त्या कायद्याचा हेतू होता.