कूस वळवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. अर्धांगवायू, मणक्याची दुखापत किंवा खुब्याचे फ्रॅक्चर यांमुळे ज्या रुग्णाला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्याशी परिचारिकेने कसे बोलावे, याविषयी आज मला बोलायचे आहे.

अशा रुग्णाला बेडसोर, म्हणजे एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारणपणे दर 2 तासांनी वळवावे लागते आणि परिचारिका ते करतातही. परंतु ज्याला मागे सरता येत नाही, कोण आले हे मान वळवून पाहता येत नाही, त्याच्या अंगाला पाठीमागून अचानक हात लागला की तो दचकतो, अंग ताठ करतो आणि मग वळवणे दोघांनाही जड जाते. म्हणून आधी त्याला दिसेल अशा जागी यावे, जमल्यास स्टुलावर टेकावे आणि सांगावे, "काका, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेते. तीन म्हटलं की वळवते. चालेल ना?" मग उत्तरासाठी थांबावे. हे थांबणे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ज्याच्या शरीराचे सगळे निर्णय दिवसभर इतरच घेतात, त्याला "हो" किंवा "जरा थांबा" म्हणण्याची संधी तेवढ्यापुरती तरी मिळते. वॉर्डात एकेका सिस्टरकडे किती खाटा असतात, याची मला जाणीव आहे. पण हे बोलणे हात चालू असतानाही होऊ शकते.

मेंदूच्या डाव्या भागाला आघात झाला की उजवे अंग लुळे पडते आणि अनेकदा वाचाही जाते. तरी अशा रुग्णाला पुष्कळदा समोरच्याचे बोलणे समजत असते. "आज हे जेवले का?" असे त्याच्या देखत नातेवाइकाला विचारू नये. त्यालाच विचारावे, मान हलवून उत्तर देता येईल असा एकेक छोटा प्रश्न. घंटीचे बटण त्याच्या चालत्या हाताशी ठेवावे.

नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गडचिरोली, गोंदियापासून मध्य प्रदेशातील बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. कुणी हिंदी बोलतो, कुणी गोंडी. दुखणे, तहान, लघवी एवढ्यांचे शब्द सोबतच्या माणसाकडून विचारून घेतले, तरी बराच अवघडलेपणा टळतो.

सुट्टी झाल्यावर हेच वळवणे घरी मुलाला किंवा सुनेला करावे लागते. त्यांना ते शिकवताना परिचारिकेने रुग्णालाही विचारावे, "कुठे धरलं की कमी दुखतं?" ते त्याच्याइतके नेमके दुसऱ्या कुणालाच सांगता येत नाही.