इंग्रजीच्या तासातले नाटक

आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये इंग्रजी आणि नाटक हे दोन्ही विषय पुष्कळदा एकाच शिक्षकाकडे असतात. मग त्याच्याकडून पहिली अपेक्षा कसली, तर वार्षिक कार्यक्रमाची! पण भाषा शिकण्यासाठी केलेल्या नाटकाला प्रेक्षक लागतच नाहीत. न्यूकॅसल विद्यापीठात शिकवणाऱ्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांनी हेच आयुष्यभर दाखवून दिले. शिक्षकाने स्वतः भूमिका घेऊन मुलांच्यात उतरायचे, ही त्यांची पद्धत. मुलांना बोलावेसे वाटेल असा पेच त्यातून उभा राहतो.

आता प्रत्यक्ष काम. शेक्सपिअरचे 'मॅकबेथ', पहिला अंक, सातवा प्रवेश. मॅकबेथ आणि त्याची बायको राजाच्या खुनाचा बेत करत आहेत. तो विचारतो, 'इफ वी शुड फेल?' ती म्हणते, 'वी फेल'. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील आवृत्तीत, तिच्या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह आहे. त्या काळी छापखान्यात उद्गारचिन्हाच्या जागीही तेच खिळे लावत, म्हणून काही संपादक उद्गारचिन्ह देतात, तर काही चक्क पूर्णविराम. अभिनेत्री सारा सिडन्स शेवटी पूर्णविरामावर स्थिरावल्या, असे सांगतात: हरलो तर हरलो. मुलांच्या जोड्या करा आणि दहा मिनिटे हे दोनच शब्द तिन्ही तऱ्हांनी म्हणू द्या. एकदा हाताच्या अंतरावरून, एकदा खोलीच्या दोन टोकांवरून. मुले हमखास ओरडतात, कारण आवाज चढवला म्हणजे भावना आली असे त्यांना वाटते. तिसरी फेरी कुजबुजत घ्या. लगेच पुढची ओळ जोडायला सांगा. कोणत्या विरामचिन्हानंतर ती सहज येते, यावर वर्ग आपणहून भांडू लागतो.

'हॉट सीट' सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तीच सर्वांत जास्त फसते. पात्र खुर्चीत बसते, कुणीतरी 'तू खून का केलास?' विचारतो, उत्तर मनाचे येते आणि संहिता बाजूला पडते. प्रश्न लिहायला आधी पाच मिनिटे द्या. प्रत्येक प्रश्न एखाद्या ओळीला बांधलेला हवा. खुर्चीत एकाऐवजी तिघांना एकाच पात्राच्या भूमिकेत बसवा, म्हणजे एक अडला की दुसरा सावरतो. ज्यांची इंग्रजी अजून कच्ची आहे त्यांना आधी प्रश्नकर्ते करा. प्रश्न पाठ करता येतो, उत्तर येत नाही.

स्थिरचित्रात, म्हणजे प्रसंगातला एक क्षण न हलता उभा करताना, भाषा सहज निसटते. पोझ छान, तोंड बंद. शिक्षकाने खांद्यावर हात ठेवताच पात्राने एक वाक्य बोलायचे आणि त्यात संहितेतला निदान एक शब्द आणायचा, ही अट घाला.

खेळ चालू असताना व्याकरण सुधारू नका, चुका कागदावर टिपून ठेवा. भूमिकेतून बाहेर येण्याआधीच, त्याच तासाला, पात्राच्या तोंडून आठ-दहा ओळी लिहून घ्या. दुसऱ्या दिवसावर टाकलेत, तर वहीत पात्राऐवजी कथेचा सारांश येतो.