उरलेल्या कोबीला पीठ पेरा

नमस्कार मंडळी! थंडीत कोबी स्वस्त होतो, भाजीवाला ‘घ्या ओ ताई, अजून एक न्या’ म्हणत दुसरा गड्डा पिशवीत टाकतोच, आणि मग पचडी झाली, हरभऱ्याची डाळ घालून भाजी झाली, डब्यालाही झाली, तरी अर्धा गड्डा फ्रीजमध्ये तसाच. घरात कोबी म्हटलं की नाकं मुरडायला सुरुवात होते ती त्या वासामुळे. कोबीत गंधक असलेले घटक असतात, जितकं जास्त शिजवाल तितका वास वाढतो, म्हणून कुकरला अजिबात लावू नका त्याला.

आज पीठ पेरून कोबी करू. चार वाट्या अगदी बारीक चिरलेला कोबी घ्या, जाडा चिरलात तर मजा नाही. अर्धी वाटी बेसन कोरडंच मंद गॅसवर खमंग वास येईपर्यंत भाजून ठेवा. कढईत तीन-चार मोठे चमचे तेल, हो एवढं लागतं, पीठ तेल पितं, कंजूषी केलीत तर घशाला कोरडं लागेल. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरच्या, चार लसणाच्या पाकळ्या ठेचून, आणि कोबी. मीठ मात्र तो ढीग बघून टाकू नका हं, कोबी बसून निम्मा होतो आणि भाजी खारट!

पाणी घालायचं नाही. कोबीत 90 टक्क्यांच्या वर पाणीच असतं, मीठ पडलं की ते सुटतं, फक्त झाकणावर थोडं पाणी ठेवा म्हणजे खाली करपत नाही. पाच-सात मिनिटांनी उघडा, तळाशी पाणी दिसेल, तेव्हाच बेसन चिमटीचिमटीने वरून पेरायचं, हलवायचं, ते पाणी पीठच शोषून घेतं. एक दणदणीत वाफ आली की झालं. कोणी वरून खोबरं घालतात, घाला बापडे, मला या भाजीत नाही आवडत.

गरम ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा, बास. आणि हो, पुढच्या वेळी गड्डा मधोमध कापू नका, वरून पान पान सोलून वापरा, जास्त टिकतो. आजची भाजी उरलीच तर उद्या सकाळी ज्वारीच्या पिठात मळून थालीपीठं लावा, लोणी असलं तर फारच छान.