मेट्रिक नेमकं करतं काय? कोऑर्डिनेटपासून घड्याळापर्यंत

एक अंश रेखांश म्हणजे किती किलोमीटर? विषुववृत्तावर सुमारे १११. साठ अंश अक्षांशावर सुमारे ५६. अंश तोच, अंतर अर्धं. रेखांश ही जागेची नुसती खूण, म्हणजे कोऑर्डिनेट, आहे. तिचे किलोमीटर करायचे तर अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. हा गुणक मेट्रिकमधून, म्हणजे खुणांचं मोजमापात रूपांतर करणाऱ्या नियमातून येतो. व्यापक सापेक्षतेत, म्हणजे आइनस्टाईन यांच्या गुरुत्वाच्या सिद्धांतात, बहुतेक गोंधळ होतात ते खुणेलाच मोजमाप समजल्यामुळे.

आधी गुरुत्व बाजूला ठेवू. दोन घटनांमधलं वेळ आणि अवकाश मिळून होणारं ‘अंतर’ म्हणजे इंटरव्हल.

[स्क्रीनवर: इंटरव्हलचा वर्ग = −(प्रकाशवेग × वेळेतला फरक)² + (अंतर)²]

दोन घटना घ्या. मध्ये ५ सेकंद आणि ३ प्रकाश-सेकंद (प्रकाश ३ सेकंदांत जातो तेवढं अंतर). वजा २५ अधिक ९, म्हणजे वजा १६. आता पहिल्या घटनेकडून दुसरीकडे जायच्या उलट दिशेने प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने जाणारा निरीक्षक याच घटना मोजतो. त्याला मिळतात ८.५ सेकंद आणि ७.५ प्रकाश-सेकंद. वर्ग करून बघा: वजा ७२.२५ अधिक ५६.२५. पुन्हा वजा १६! वेळ बदलली, अंतर बदललं, इंटरव्हल हलला नाही. आणि त्या १६ चं वर्गमूळ ४. एकाच वेगाने सरळ जात दोन्ही घटनांना हजर राहिलेल्या घड्याळात नेमके ४ सेकंद जातात.

इंटरव्हलचा वर्ग ऋण असेल, तर एक घटना दुसरीचं कारण असू शकते. धन असेल, तर कोणती आधी घडली हे निरीक्षकावर अवलंबून. शून्य असेल, तर दोन्ही घटना प्रकाशकिरणाने जोडता येतात. इथे हमखास घसरायला होतं: शून्य इंटरव्हल म्हणजे एकच घटना नव्हे. शंभर प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्यावरून प्रकाश निघणं आणि तो आपल्या डोळ्यात पोचणं, यांच्यातही इंटरव्हल शून्यच.

काही पुस्तकांत वजा चिन्ह वेळेऐवजी अंतराला लावलेलं असतं. दोन्ही बरोबर आहे. पण दोन पुस्तकांतली सूत्रं एकाच गणितात मिसळली, की उत्तर बिघडलंच.

आता गुरुत्व आणू. वरच्या सूत्रात गुणक होते वजा १ आणि १. गुरुत्व असताना हे गुणक जागेनुसार, कधी वेळेनुसारही बदलतात. वेळ आणि अवकाश यांच्या गुणाकाराची पदंही येऊ शकतात. हे सगळे गुणक ४ × ४ च्या तक्त्यात मांडले, की झालं मेट्रिक. तक्ता सममित असतो, म्हणून १६ पैकी १० घटकच स्वतंत्र.

पण गुणक बदलतात म्हणजे अवकाशकाळ वक्रच, असं समजू नका. सपाट कागदावर ध्रुवीय कोऑर्डिनेट (केंद्रापासूनची त्रिज्या आणि कोन) वापरले, तर कोनाचा गुणक त्रिज्येचा वर्ग असतो, जागोजागी वेगळा. कागद मात्र सपाटच. खरी कसोटी रीमान वक्रतेची, म्हणजे मेट्रिक जागोजागी कसं बदलतं यावरून काढलेल्या वक्रतेच्या मापाची: चार मितींत तिचे २० स्वतंत्र घटक, आणि ते सगळे सगळीकडे शून्य असतील तरच सपाट.

[स्क्रीनवर: वेळेचा गुणक = −(१ − श्वार्झशिल्ड त्रिज्या ÷ आर); आरचा गुणक = १ ÷ (१ − श्वार्झशिल्ड त्रिज्या ÷ आर)]

गोल, न फिरणाऱ्या वस्तुमानाबाहेरचं हे मेट्रिक कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलं. श्वार्झशिल्ड त्रिज्या ही वस्तुमानावरून ठरणारी लांबी: सूर्यासाठी सुमारे ३ किलोमीटर, पृथ्वीसाठी ८.८७ मिलिमीटर. यातला आर म्हणजे केंद्रापासूनचं अंतर नाही. तो आहे केंद्राभोवतीच्या वर्तुळाचा परीघ भागिले २π. सूर्याएवढ्या कृष्णविवराजवळ आर ६ किलोमीटर असताना तो १ मीटरने बदलायचा, तर मोजपट्टी १.४१ मीटर लागते.

आर श्वार्झशिल्ड त्रिज्येएवढा झाला की एक गुणक शून्य, दुसरा अनंत. भिंत लागली? नाही, कोऑर्डिनेट निकामी झाले. फ्रेंच गणितज्ञ पाँलेव्हे यांनी १९२१ मध्येच असे कोऑर्डिनेट दिले, ज्यांत तिथे काहीच बिघडत नाही. वक्रताही तिथे सांत असते. ती अनंत होते आर शून्य झाल्यावर.

हेच सूत्र जीपीएसवर चालवून बघू. वेळेचा गुणक (वजा चिन्ह सोडून) १ च्या इतका जवळ आहे, की वर्गमूळाऐवजी निम्मं घेतलं तरी चालतं. घड्याळ किती मंद? अर्धी श्वार्झशिल्ड त्रिज्या भागिले आर, अधिक वेगाच्या वर्गाचं प्रकाशवेगाच्या वर्गाशी असलेलं गुणोत्तर, तेही निम्मं.

जमिनीवर: ४.४३५ मिलिमीटर भागिले ६,३७१ किलोमीटर. हजार कोटीत ६.९६ भाग. (पृथ्वीच्या फिरण्याचा वेग सोडून देतोय, दिवसाला ०.१ मायक्रोसेकंदाचा मामला आहे.) उपग्रहावर आर २६,५६० किलोमीटर: १.६७ भाग. त्याचा वेग सेकंदाला ३.८७ किलोमीटर: आणखी ०.८३ भाग. एकूण २.५०. फरक ४.४६ भाग. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणा: उपग्रहाचं घड्याळ रोज सुमारे ३८.५ मायक्रोसेकंद पुढे.

हा फरक काढून टाकणारी दुरुस्ती उपग्रहाच्या घड्याळात करावी लागते. १९७७ मध्ये जीपीएसच्या चाचणीचा एनटीएस-२ उपग्रह ही दुरुस्ती बंद ठेवून सोडला. सुमारे २० दिवस मोजल्यावर फरक आला हजार कोटीत ४.४२५ भाग, अपेक्षा ४.४६५ ची होती. मग दुरुस्ती चालू केली. जीपीएस उपग्रहांची १०.२३ मेगाहर्ट्झची घड्याळं जमिनीवरच १०.२२९९९९९९५४३ वर लावली जातात.

“दुरुस्ती नसती तर रोज ११ किलोमीटरची चूक” हे वाक्य मात्र जपून वापरा. ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश तेवढा जातो, हे खरं. पण रिसीव्हर जागेच्या तीन संख्यांबरोबर आपल्या घड्याळातली चूकही चौथी अज्ञात संख्या म्हणून सोडवतो, त्यासाठीच त्याला चार उपग्रह लागतात. सगळ्या उपग्रहांत सारखाच असलेला फरक बराचसा त्या चौथ्या संख्येत जिरतो.