पट्टीचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

मी फार्मासिस्ट. इंदूरच्या दवा बाजारातून माल आणतो आणि राजेंद्रनगरात मेडिकल चालवतो. कीमो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सलाइनची बाटली येते. पण आता बरीचशी कीमो गोळ्यांच्या रूपात घरी येते आणि बीपीच्या गोळ्यांशेजारी डब्यात जाऊन बसते. दवाखान्यात लक्ष ठेवायला नर्स असते. घरी कोण असतं?

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि कॅपेसिटाबिन ही कीमोची गोळी सुरू झाली. 500 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या सकाळी, तीन रात्री, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. 14 दिवस घ्यायच्या, 7 दिवस बंद. म्हणजे 84 गोळ्या. पट्टी दहाची, म्हणून मी नऊ पट्ट्या दिल्या.

तीन आठवडे होत आले तशा काकू दुकानात आल्या. "हाताला लावायला मलम दे रे." तळहात लालबुंद, बोटांची सालं निघत होती, लाटणं धरवत नव्हतं. तळपायांचीही आग. त्यांच्या मते खजराण्याच्या गणपतीला अनवाणी गेल्याचा तो प्रताप! मी मलम काढलं नाही, आधी विचारलं, गोळ्या किती उरल्या? "एकही नाही. सहा उरल्या होत्या, पंधराव्या दिवशी घेऊन टाकल्या. एवढी महागाची गोळी वाया कशी घालवू?"

हातापायांचा त्रास या औषधाचा नेहमीचाच, तो काही त्या सहा गोळ्यांनीच झाला असं नाही. पण मधला आठवडा रक्तपेशींना आणि कातडीला सावरायला ठेवलेला असतो, तो एका दिवसाने कापला गेला. आणि त्यात माझीही चूक. पट्ट्या मोजून दिल्या, उरलेल्यांचं बोललोच नाही. 2015 च्या फार्मसी नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हटलंय. काउंटरवर गर्दी असली की आम्ही ते विसरतो, हे कबूल करतो.

श्रोतेहो, रुग्ण आमच्याकडे कॅन्सर सांगत येत नाही. तो मलम मागतो. "भिया, जुलाबाची गोळी दे," म्हणतो. ताप आलाय, क्रोसिन द्या म्हणतो. कीमो चालू असताना 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे तडक डॉक्टरांना फोन. आधी क्रोसिन घेतली तर ताप उतरतो आणि आतला संसर्ग लपून राहतो. पाहुण्यांनी आणलेल्या शक्तीच्या गोळीत फॉलिक अॅसिड असेल, तर कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. म्हणून म्हणतो, घरातली सगळी औषधं, चूर्णंसुद्धा, एका पिशवीत घालून आमच्यासमोर ओता. लाजू नका. डोस बदलणं डॉक्टरांचं काम, पण कुठे गडबड आहे ते आम्ही त्यांना कळवू शकतो.

काकूंच्या डॉक्टरांना मी दुकानातूनच फोन लावून दिला. हात बरे होईपर्यंत गोळ्या थांबल्या, मग डोस उतरला: सकाळी तीन, रात्री दोन. 70 गोळ्या, बरोबर सात पट्ट्या. काकूंनी काउंटरवरच मोजल्या आणि खूश झाल्या. "डॉक्टर हुशार आहेत हो, पट्टीच्या हिशेबानं बसवलं!"