चक्रीवादळाला लगाम कोण घालतं?

२३ ऑक्टोबर २०१५. मेक्सिकोच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागरावर 'पट्रिशिया' घोंघावतंय. आदल्या दिवशी पहिल्या, म्हणजे पाचांपैकी सर्वांत सौम्य श्रेणीत असलेलं हे हरिकेन (तिकडच्या चक्रीवादळाचं नाव) आता ताशी ३४५ किलोमीटर वेगानं फिरतंय. विश्वासार्ह नोंदींमध्ये याहून वेगवान हरिकेन नाही.

मग ४०० का नाही? ५०० का नाही?

हरिकेन म्हणजे उष्णतेवर चालणारं इंजिन. खाली साडेसव्वीस अंशांहून उबदार समुद्र, वर पंधराएक किलोमीटरवर उणे ६०-७० अंशांची कडाक्याची थंडी. समुद्राची वाफ वर चढते, तिचं पाणी होताना उष्णता सुटते, आणि त्यातूनच वारा पोसला जातो. खालच्या आणि वरच्या तापमानात जितकी तफावत, तितकी या इंजिनाची ताकद. केरी इमॅन्युएल या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात हाच हिशेब मांडून वादळाची कमाल मर्यादा काढली.

गंमत आहे ती पुढच्या गणितात. वारा दुप्पट झाला की समुद्राकडून मिळणारी उष्णता साधारण दुप्पट होते. पण पाण्याशी घासून वाया जाणारी ऊर्जा होते आठपट! मिळकत दुप्पट, खर्च आठपट. असा संसार किती दिवस चालणार?

आता वादळाच्या शांत केंद्राला, म्हणजे 'डोळ्या'ला, वेढणाऱ्या ढगांच्या भिंतीखालचा समुद्र पाहा. इथं लाटा वेगळ्या ओळखूच येत नाहीत. नुसता पांढरा फेस, आडवे उडणारे तुषार. पाणी कुठं संपलं आणि हवा कुठं सुरू झाली, सांगता येत नाही. त्यात ही घुसळण खोलवरचं गार पाणी वर आणते. वादळ रेंगाळलं, की स्वतःच्याच चुलीवर पाणी ओतायला लागतं.

खरं तर बहुतेक वादळं कमाल मर्यादेपर्यंत पोचतच नाहीत. वरचा वारा एकीकडे, खालचा दुसरीकडे, असं झालं की त्यांचा मनोरा कलतो. कधी कोरडी हवा आत शिरते.

पाचवी श्रेणी ताशी २५२ किलोमीटरला सुरू होते आणि तिला वरचं टोक नाही. २०२४ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी ३०९ च्या पुढं सहावी श्रेणी सुचवली. कारण समुद्र तापतोय, आणि त्याबरोबर निसर्गानं घातलेली मर्यादाही वर सरकतेय.

पट्रिशिया २३ ऑक्टोबरच्याच संध्याकाळी मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याच्या किनाऱ्यावर चढलं. खाली समुद्र नाही, समोर डोंगर. दुसऱ्या दिवशी तिथं उरले फक्त पावसाचे ढग.