ताम्हणाचा तुरा

नमस्कार मंडळी. बोलण्याआधी हा तुरा पहिल्या रांगेत देते. बघून झाला की मागे सरकवा. सकाळी येताना वहाळाच्या काठावरून काढलाय, एकच.

नीट बघा त्याच्याकडे. खालची फुलं फिकी पडलीत, जवळजवळ पांढुरकी. मधली गर्द जांभळी, आणि शेंड्याला अजून कळ्याच. ताम्हण खालून वर फुलत जातं, आणि उमललेल्या फुलाचा रंग हळूहळू उतरतो, म्हणून एकाच तुऱ्यात जांभळ्याच्या इतक्या छटा. पाकळ्या सहा. प्रत्येक पाकळी बुडाशी देठासारखी निमुळती आणि वर तलम ओढणी मुठीत धरून सोडावी तशी चुरगळलेली. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. या फुलात मध नसतो बरं का. माश्या आणि भुंगे येतात ते परागासाठी.

हे आपलं राज्यफूल. शाळेतल्या मुलांना राज्यप्राणी शेकरू ठाऊक असतं, राज्यपक्षी हरियाल ठाऊक असतो. ताम्हण म्हटलं की मात्र त्यांना संध्येचं तांब्याचं ताम्हणच आठवतं. केरळचं राज्यफूल बहावा. विषूच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणाच्या, पहाटे घरोघरी देवापुढे कणी, म्हणजे शुभदर्शनाची आरास, मांडतात, त्यात बहाव्याची फुलं लागतातच, त्यामुळे तिथल्या पोराला ती वेगळी शिकवावी लागत नाहीत. आपलं ताम्हण नेमकं १ मेच्या सुमाराला, महाराष्ट्र दिनाला ऐन भरात असतं, पण आपली नजर जाते रस्त्यावरच्या गुलमोहराकडे. गुलमोहरावर माझा राग नाही, देखणंच झाड आहे ते. पण ते मादागास्करचं, आणि हे इथल्या पाण्याचं.

पाण्याचं म्हणाले ते मुद्दाम. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर ताम्हण आपसूक उगवतं ते नदी-वहाळाच्या काठी. त्याचे भाऊबंद नाणा आणि बोंडारा जंगलात डोंगरउतारावरही भेटतात, ताम्हणाला ओल लागते. त्याचं लाकूडही पाण्यात टिकतं, म्हणून होड्यांना वापरायचे. हल्ली सुशोभीकरणात ते दुभाजकांवरही लावतात. लावू देत, टँकरच्या पाण्यावर फुलतंही. पण काठावरच्या ताम्हणाची मुळं माती धरून ठेवतात, आषाढातल्या लोंढ्यात काठ ढासळू देत नाहीत, हे काम दुभाजकावर कुठलं?

आणि काठ आपण तासतोय. गाळ काढायचा म्हणून जेसीबी उतरतो आणि गाळाबरोबर करंज, उंबर, वाळुंज, ताम्हण सगळंच उपटून जातं. माझ्या माहेरच्या वहाळावर तीन ताम्हणं होती. उन्हाळ्यात आम्ही भावंडं डोहात डुंबायचो तेव्हा पाण्यावर जांभळ्या पाकळ्या तरंगत असायच्या, ओंजळीत पाणी घेतलं तरी त्यात एखादी यायची. काठाला सिमेंटची भिंत घातली तेव्हा त्यातली दोन तोडली. भिंतीच्या आड येत होती म्हणाले. मी पोचले तेव्हा ओंडके रस्त्याला लागले होते आणि त्यांच्यावरच्या कळ्या अजून ताज्या होत्या. ते मला अजून विसरता येत नाही.

तिसरं ताम्हण वळणावर होतं, भिंत तिथवर आली नाही. तुमच्या हातातला तुरा त्याचाच आहे. मागच्या हिवाळ्यात मी त्याची बोंडं गोळा केली. लाकडासारखी टणक असतात, वाळली की पाच-सहा फाकांत उकलतात आणि आतून पंखवाल्या चपट्या बिया निघतात. त्यांची रोपं तयार झालीत, बाहेर ओट्यावर पिशव्यांत ठेवलीयत. ज्यांच्या जागेतून वहाळ जातो त्यांनी आधी न्या, मग विहीर-पाटवाल्यांनी. पहिला चांगला पाऊस पडून जमीन भिजली की लावा, आणि लहानपणी गुरांपासून जपा.

तुरा पोचला का मागच्या रांगेपर्यंत?